आपला संघ जिंकतोय, पण बघवत नाही

पत्र: मी सिडनीच्या पश्चिम भागात राहते. लग्न करून इथे आले तेव्हा रग्बी लीगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याच्या नादाने सामने बघायला लागले आणि आज घरात सगळ्यांत वेडी मीच आहे. आमचा संघ (नाव छापू नका, ओळखीतले लगेच ओळखतील) अंगावर दोघं लटकलेले असतानाही चेंडू मागच्याच्या हातात सरकवायचा. स्वतःच्या गोललाइनजवळून थेट कडेपर्यंत पास खेळायचा. आता नवे कोच आलेत. पाच वेळा सरळ घुसायचं आणि शेवटी लाथ मारायची, एवढंच चालतं. गेल्या वर्षीपेक्षा जास्त सामने जिंकतोय हे खरं. पण मागच्या शनिवारी जिंकलो तेव्हा शेवटची दहा मिनिटं मी मोबाइल बघत होते. सतरा वर्षांचा लेक म्हणतो, "आई, ८४ टक्के कम्प्लीशन आहे, तुला अजून काय हवंय?" (म्हणजे इतके डाव चूक न होता पूर्ण झाले.) मला उत्तर सुचत नाही आणि रागही येतो. पुढच्या वर्षी मेंबरशिप घ्यावी का, असंही मनात येतं. जिंकणाऱ्या संघावर रुसणं हा कृतघ्नपणा आहे का?

उत्तर:

ताई, कृतघ्नपणा मुळीच नाही. ज्या खेळावर तुमचा जीव जडला तो खेळ तुमच्या डोळ्यांसमोर बदलला. गुणतक्त्यात दोन गुण वाढले म्हणून ती रुखरुख जात नाही, आणि जायलाच हवी असंही नाही. घरात हे मोकळेपणाने सांगा. मात्र "कोच भित्रा आहे" हा निकाल इतक्यात देऊ नका. तुम्ही पास मोजताय. तुमच्या तक्रारीत किती तथ्य आहे हे कळेल ते रकमध्ये (टॅकल झाल्यावर, म्हणजे धावणाऱ्याला पकडून थांबवल्यावर, चेंडू पुन्हा खेळात येतो तिथे) आणि घड्याळात.

आधी साधा हिशेब मांडू. किक झेलल्यावर सेट (एका संघाला मिळणारी सहा टॅकलची पाळी) बहुधा स्वतःच्या दहा-पंधरा मीटरवरून सुरू होतो. समोरची फळी दहा मीटर मागे उभी असते. एक सरळ धाव साधारण आठ-नऊ मीटर मिळवून देते, म्हणजे पाच धावांत चाळीस-पंचेचाळीस मीटर. पाचव्या टॅकलनंतरची किक मध्यरेषेच्या आसपासहून निघते आणि आता समोरच्यांना त्यांच्या गोललाइनजवळून सुरुवात करावी लागते. हेच चक्र ८० मिनिटं चालतं, एकेका संघाच्या वाट्याला साधारण ३५ ते ४० सेट येतात. आता याच सेटमध्ये दुसऱ्या टॅकलला, स्वतःच्या २५ मीटरवर, ऑफलोड (टॅकल होत असतानाच दिलेला पास) जमिनीवर पडला असं धरा. समोरच्यांना तिथूनच सहा टॅकल मिळतात. आपल्या प्रॉपने (मधल्या फळीतल्या धिप्पाड फॉरवर्डने) नुकतीच धाव घेतलेली असते, त्याला श्वासही न घेता बचावाला उभं राहावं लागतं. अर्ध्या तासात असं तीन-चार वेळा झालं की मधली माणसं संपतात, आणि मग कडेला कितीही चपळ विंगर असला तरी त्याच्यापर्यंत चेंडू पोचवणार कोण? तळाला गेलेला संघ हाती घेतलेला कोच सगळ्यांत आधी कात्री लावतो ती इथे.

नियमांनीही ही कात्री जास्त धारदार केली. इंटरचेंज (एका सामन्यात करता येणारे खेळाडूंचे बदल) २००८ मध्ये १२ वरून १० वर आले, २०१६ मध्ये ८ वर. म्हणजे थकलेला प्रॉप जास्त वेळ मैदानात राहतो. २८ मे २०२० ला एनआरएल (रग्बी लीगची इथली मुख्य स्पर्धा) पुन्हा सुरू झाली ती 'सिक्स अगेन' घेऊन: रकमध्ये बचाव करणाऱ्याने गडबड केली तर पेनल्टीऐवजी सेट पुन्हा एकपासून. पेनल्टी मिळाली की चेंडू टचमध्ये मारायचे, दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, जरा दम खायचे. ती उसंतच गेली. २०२१ मध्ये बचावाची फळी दहा मीटर मागे न गेल्याच्या चुकीलाही हाच नियम लावला आणि त्या वर्षी एकतर्फी सामन्यांचा पूर आला, कारण एकदा एका संघाकडे चेंडू गेला की दुसऱ्याला सावरायला वेळच मिळेना. २०२२ मध्ये थोडी माघार घेतली, चढाई करणारा संघ स्वतःच्या ४० मीटरच्या आत असेल तर पुन्हा पेनल्टी द्यायला सुरुवात झाली. खेळ वेगवान व्हावा म्हणून हे सगळं आणलं. पण वेगवान खेळात चेंडू हातचा घालवणं आणखी महाग पडतं, आणि महाग गोष्ट कोच जपूनच वापरणार.

हे काही आजचं नाही. १९६७ पूर्वी ऑस्ट्रेलियात टॅकलला मर्यादाच नव्हती, एकच संघ वाटेल तितका वेळ चेंडू धरून बसू शकायचा. मग चार टॅकलचा नियम आला, १९७१ मध्ये सहाचा. १९९३ मध्ये बचावाची रेषा पाचऐवजी दहा मीटर मागे गेली. दर वेळी कुणाचा तरी आवडता खेळ संपला आणि दुसरा सुरू झाला.

तुमच्या भागातलंच उदाहरण घ्या. १९८१, ८२, ८३ असे सलग तीन किताब जिंकणारा पॅरामॅटा. पीटर स्टर्लिंग, ब्रेट केनी, मिक क्रोनिन, स्टीव्ह एला, एरिक ग्रोथ अशी बॅकलाइन. केनीने त्या तिन्ही ग्रँड फायनलमध्ये दोन-दोन ट्राय (गोललाइनपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) केले. आणि त्याच संघाचा १९८६ चा किताब? कँटरबरीवर ४-२. पूर्ण सामन्यात एकही ट्राय नाही, नुसते पेनल्टी गोल. त्यानंतर पॅरामॅटाला आजवर किताब मिळालेला नाही, आणि त्या चाहत्यांना ८६ चं नाव काढून बघा, डोळे चमकतात. उलट बाजूला २००५ चे वेस्ट्स टायगर्स. ग्रँड फायनलमध्ये बेन्जी मार्शलने धावता धावता पाठीमागून पॅट रिचर्ड्सला दिलेला तो पास सगळ्यांना आठवतो. त्यानंतर २०१० पर्यंत तो संघ फायनल्समध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) पोचलाच नाही हे फार कमी लोकांच्या लक्षात राहिलंय. तुमच्या आठवणीतल्या संघाचंही थोडं तसंच असणार. मोकळा खेळ जमला त्या संध्याकाळी मनात राहिल्या. ३० गुणांनी हरलो त्या संध्याकाळी मन आपोआप पुसून टाकतं.

आता तुम्हाला सगळ्यांत जास्त ज्याची उणीव भासतेय त्या ऑफलोडकडे जरा जवळून बघा. बाहेरून ती हातचलाखी वाटते, पण तिचा पाया पायांत आहे. चेंडू घेऊन येणारा खेळाडू एका बचावपटूच्या छातीवर न आदळता दोघांच्या मधल्या फटीत खांदा घालतो. कंबर त्या रेषेपलीकडे गेली की चेंडू लांबच्या हातात जातो, कोपर बाहेर सुटतं आणि मनगट वळतं. इथपर्यंत एकट्याचं काम. पुढचं काम मागून येणाऱ्याचं. त्याला चेंडू देणाऱ्याच्या आतल्या खांद्यामागे हातभर अंतरावर असावं लागतं, तेही टॅकल होण्याआधीच धावायला सुरुवात करून. देणारा न बघता देतो, तिथे कुणी असेल या भरवशावर. तो भरवसा सरावाने येतो आणि माणसं बदलली की मोडतो. पाच-सहा नवे खेळाडू आले, हूकर (रकमधून चेंडू उचलून पुढे देणारा) बदलला, फुलबॅक (सगळ्यांत मागचा खेळाडू) दुसरा आला, की जुनी सवय असलेला एखादा फॉरवर्ड हात मोकळा करतो आणि मागे कुणीच नसतं. चेंडू जमिनीवर, बचावाची फळी विस्कळीत. म्हणून शहाणा कोच पहिल्या वर्षी म्हणतो, मागे माणूस दिसला तरच. तुम्हाला ते "बंद केलं" असं दिसतं.

पण प्रत्येक कोच शहाणा असतोच असं नाही. तुमच्या संघात नेमकं काय चाललंय ते ओळखायला पुढच्या चार-पाच सामन्यांत हे करून बघा.

जागा बदला. टीव्हीवर किंवा खालच्या रांगेत फक्त चेंडू दिसतो. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर, शक्यतो गोलपोस्टच्या मागे किंवा कोपऱ्यात बसा. तिथून दोन्ही फळ्यांची रुंदी दिसते, कुठल्या कडेला एक माणूस जास्त आहे ते दिसतं. आणि धाव संपल्यावर खेळाडू जमिनीवर कसा पडतो ते बघा. कोपरांवर, गुडघ्यांवर, तोंड पुढे करून पडला तर पटकन उठतो. पाठीवर उलटवला गेला तर बचावाला हवा तेवढा वेळ मिळाला. साधारणपणे पहिला टॅकलर चेंडूला मिठी मारतो, दुसरा कमरेला धरतो आणि तिसरा पाय धरतो, ते याचसाठी.

मग मोबाइल हातात घेतलाच आहे तर त्यातलं स्टॉपवॉच लावा. खेळाडू पूर्ण थांबला की सुरू, पायाने चेंडू मागे सारला की बंद. तीन सेकंदांच्या आत झालं तर तो वेगवान रक: मार्कर (रकसमोर उभे राहणारे दोन बचावपटू) अजून नीट उभे नसतात, फळी मागे सरकत असते, हूकर डमी हाफमधून (रकच्या मागच्या जागेवरून) उडी मारू शकतो आणि चेंडू कडेला नेण्यात अर्थ असतो. चारच्या पुढे गेलं तर समोर तेरा माणसं तयार उभी आहेत. अशा वेळी कडेला नेलेला चेंडू आडवाच जातो आणि विंगर टचलाइनवर चिरडला जातो. एका हाफमधल्या दहा-बारा रकची वेळ टिपा. तुमचा संघ वेगवान रक मिळवतोय आणि तरीही सरळच घुसतोय, तर तुमची तक्रार कोचकडे. रकच संथ असेल तर दुखणं फॉरवर्डमध्ये आहे, आणि कुठल्याही कोचने पास वाढवायला सांगून ते बरं होणार नाही.

ऑफलोड कुठे थांबलेत तेही वेगळं मोजा. स्वतःच्या अर्ध्यात ते दिसेनासे झाले असतील तर तो हिशेब आहे, वर मांडलाय तोच. पण समोरच्यांच्या २० मीटरच्या आतही कुणी हात मोकळा करत नसेल तर ते वाईट लक्षण. तिथे चेंडू पडला तरी समोरच्यांना त्यांच्या गोललाइनजवळूनच सुरुवात करायची असते, म्हणजे किक मारून जे मिळालं असतं जवळजवळ तेच. तिथे धोका न पत्करण्याला आम्हीही भित्रेपणाच म्हणू.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ५५ व्या मिनिटापासून सामना नव्याने बघायला लागा. तुम्ही मोबाइल काढला तो नेमका चुकीच्या वेळी. पहिला तास सरळ घुसण्यात घालवण्याचं कारणच हे असतं की आठ इंटरचेंजमध्ये समोरचे मधले फॉरवर्ड पुरे पडत नाहीत. तासाभराने ते दहा मीटर मागे जाताना पाठ फिरवून चालायला लागतात, मार्कर एकच उरतो, मधला बचावपटू आत ओढला जातो आणि कडेवरच्या माणसाला दोघांपैकी कुणाला धरू हे कळेनासं होतं. चांगला संघ तिथे चेंडू सोडतो. पेनरिथने २०२१ ते २०२४ सलग चार किताब जिंकले, आणि या काळात त्यांना कंटाळवाणं म्हणणारेही पुष्कळ होते. ब्रायन टोओसारखा विंगर स्वतःच्या गोललाइनजवळून पहिल्या-दुसऱ्या टॅकलला फॉरवर्डसारखी धाव घेतो, नेथन क्लिअरी कोपऱ्यात किक टाकतो, पुन्हा तेच. पण २०२३ च्या ग्रँड फायनलमध्ये ब्रिस्बेन २४-८ ने पुढे असताना, शेवटच्या पाव तासाच्या आसपास, याच संघाने सामना उघडला आणि २६-२४ ने नेला. आधीच्या तासाभरात रचलेलं असतं ते शेवटी असं कामी येतं. तुमचा संघ ६० व्या मिनिटानंतर उघडतो का, ते बघा. आठ गुणांनी मागे, दहा मिनिटं उरलेली, आणि तरीही पाच सरळ धावा आणि एक उंच बॉम्ब किक, असं वारंवार होत असेल तर तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. त्या संघाकडे दुसरी योजनाच नाही.

आता लेकाच्या ८४ टक्क्यांबद्दल. त्याला आकडा चुकीचा आहे असं सांगू नका, अपुरा आहे असं सांगा. ३८ पैकी ३२ सेट चूक न करता संपले, एवढंच तो आकडा सांगतो. त्या ३२ किक कुठून निघाल्या? स्वतःच्या ४० मीटरवरून की समोरच्यांच्या ४० वरून? काहीच न करता चेंडू जपला तरी कम्प्लीशन वाढतं. एनआरएलच्या ॲपवर प्रत्येक सामन्याची आकडेवारी असते. त्यात सेटमागे सरासरी किती मीटर, प्ले-द-बॉलचा (रकमध्ये चेंडू मागे सारण्याचा) सरासरी वेग, टॅकल अंगावर आल्यानंतर मिळवलेले मीटर, ऑफलोड आणि मिळवलेले ड्रॉपआउट (समोरच्यांना त्यांच्या गोललाइनवरून चेंडू आपल्याकडे मारायला लावणं) हे पाच आकडे कम्प्लीशनच्या शेजारी लिहायला सांगा. तुमच्या स्टॉपवॉचवरचा आकडा आणि ॲपवरचा आकडा तंतोतंत जुळणार नाही, कारण सुरुवात कुठे धरायची यावर ते अवलंबून आहे. तुलना तुमच्याच दोन सामन्यांमध्ये करा. पोराला आकड्यांत रस आहे ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे. "कंटाळवाणं आहे" या वाक्यावर त्याच्याकडे उत्तर नाही, म्हणून तो टक्केवारी फेकतो. "चौथ्या टॅकलला डाव्या कडेला एक माणूस जास्त असताना हाफबॅक उजवीकडे का वळला?" असं विचारा, मग तासभर बोलेल.

किती वाट बघायची? एक पूर्ण हंगाम. संघाचा सराव नोव्हेंबरात सुरू होतो आणि नवा कोच बचावाची घडी आधी बसवतो, कारण ती लवकर बसते. हाफबॅक, फाइव्ह-एट, हूकर आणि फुलबॅक यांची एकमेकांशी लय जमायला जास्त सामने लागतात. २४ सामन्यांपैकी पहिले आठ-दहा त्यातच जातात. मग स्टेट ऑफ ओरिजिनचे (न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड सामन्यांचे) आठवडे येतात, महत्त्वाची माणसं बाहेर असतात, तेव्हाच्या खेळावरून काहीच ठरवू नका. खरं चित्र हंगामाच्या शेवटच्या आठ सामन्यांत दिसतं.

दुसऱ्या वर्षी काय येणार याची चाहूल हवी असेल तर घरच्या मैदानावर लवकर पोचा. पुष्कळदा मुख्य सामन्याआधी त्याच क्लबचा न्यू साउथ वेल्स कपचा (खालच्या पातळीवरच्या स्पर्धेचा) सामना असतो. तिथे तरुण हाफबॅकला कितव्या टॅकलला काय करायची मुभा दिलीय ते दिसतं. खालच्या संघात ब्लॉक प्ले, दुहेरी शिफ्ट, मागून धावणारा फुलबॅक हे सगळं खेळवलं जात असेल तर क्लब मोकळा खेळ विसरलेला नाही, वरच्या संघात ते आणायची वेळ बघतोय. तिथेही नुसत्या सरळ धावा असतील तर मात्र ते क्लबचं धोरणच समजा.

मग तक्रार करा, अवश्य करा. तुम्ही मेंबर आहात. क्लबची सदस्यांशी बोलण्याची सभा असेल तिथे, नाहीतर लेखी. "पूर्वीसारखं खेळा" असं लिहिलंत तर कुणी वाचणार नाही. "शेवटच्या पाच घरच्या सामन्यांत समोरच्यांच्या २० मीटरच्या आत आपण किती ऑफलोड केले, पिछाडीवर असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत किती वेळा चेंडू कडेला गेला" असं लिहिलंत तर उत्तर द्यावंच लागेल. आणि खेळाडूंना समाजमाध्यमांवर बोलू नका, लेकालाही तेच सांगा. प्रॉपने सरळ धाव घेतली ती त्याला सांगितली म्हणून घेतली.

मेंबरशिपचा निर्णय हरलेल्या किंवा कंटाळलेल्या रात्री घेऊ नका. पूर्ण हंगामाऐवजी मोजक्या सामन्यांची मेंबरशिप मिळते का ते क्लबकडे विचारा. पुढच्या वर्षी ती घेऊन बघा, आणि सामने निवडताना हंगामाच्या उत्तरार्धातले निवडा. जागा वरच्या मजल्यावरची, पोस्टच्या मागची मागा, ती बहुधा स्वस्तही पडते. लेकाला शेजारी बसवा. स्टॉपवॉच त्याच्याकडे द्या, ऑफलोड तुम्ही मोजा.